दूरदर्शनचा खर्च नक्की कोणी उचलायचा? (आजोबांचं टीव्ही लायसन्स सापडलं त्यावरून)

पेठेतला

नमस्कार मंडळी. विषय जुना वाटेल पण डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे विचारतोय.

गेल्या रविवारी आमच्या वाड्यातला माळा रिकामा केला. वाडा पाडायला देतोय, त्यामुळे कधीतरी आवरावंच लागणार होतं. आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत विम्याच्या पावत्या, जुनी रेशनकार्डं आणि त्यांच्यामध्ये एक पोस्टाचं छोटं पुस्तक निघालं. टीव्हीचं लायसन्स. पहिल्या पानावर आजोबांचं नाव-पत्ता निळ्या शाईत, पुढच्या पानांवर दर वर्षाची तिकिटं चिकटवलेली आणि त्यावर पोस्टाचा गोल शिक्का. टीव्हीला वर्षाला ५० रुपये. रेडिओचं पुस्तक वेगळं, त्याला १५. शेवटचा शिक्का १९८४ चा. आईला दाखवलं तर ती पटकन म्हणाली, अरे हे भरायची तारीख जवळ आली की मामंजी दोन दिवस आधीच पोस्टात जाऊन यायचे, लायसन्स नसताना टीव्ही लावणं म्हणजे त्यांना बिनतिकीट प्रवास केल्यासारखं वाटायचं.

आमच्याकडे टीव्ही १९७८ ला आला, लाकडी शटरचा, वाड्यातला पहिला. अँटेना सिंहगडाकडे तोंड करून बांधलेली, वारा आला की कोणीतरी कौलांवर चढायचं आणि खालून बाकीचे ओरडायचे, अजून थोडं डावीकडे, हां आता आलं. संध्याकाळी मराठी बातम्यांना खोलीत बसायला जागा नसायची. म्हणजे एका लायसन्सवर सात-आठ बिऱ्हाडं बघायची, आणि त्याबद्दल आजोबांनी कधी कोणाकडे चार आणे मागितले नाहीत.

तर मुद्दा असा. १९८५ च्या सुमाराला हे लायसन्स सरकारने बंदच केलं. जाहिराती १ जानेवारी १९७६ पासून सुरू झालेल्याच होत्या, मग प्रायोजित मालिकांचा काळ आला, पैसा वाहत होता तेव्हा कोणाला प्रश्न पडला नाही. पुढे केबल आली, प्रायव्हेट चॅनेल आले, जाहिरातदार तिकडे गेले. दूरदर्शन-आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसार भारतीचा कायदा १९९० ला झाला आणि लागू व्हायला १९९७ चा सप्टेंबर उजाडला. आज कारभार चालतो तो मुख्यतः केंद्राच्या अनुदानावर, दरवर्षी अंदाजे अडीच ते तीन हजार कोटी, त्यात दूरदर्शन आणि आकाशवाणी दोन्ही आले. आकडा मोठा वाटतो पण १४० कोटी लोकांमध्ये वाटला तर माणशी वर्षाला २० रुपये पडतात. एक कटिंग चहा आणि बिस्किटाचा पुडा.

गंमत नाही, खरं सांगतो, मी तो कायदा काढून वाचला. कलम १७ मध्ये अजून लिहिलेलं आहे की सरकार प्रसार भारतीला लायसन्स फीचे पैसे, 'असल्यास', देऊ शकेल. म्हणजे फी बंद झाल्यावर झालेल्या कायद्यात फीची जागा रिकामी ठेवलेली आहे. मला ते वाचून काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. आजोबा ५० रुपये भरायचे तेव्हा दूरदर्शन त्यांचं होतं असं त्यांना वाटायचं, पत्र लिहायचे, अमुक कार्यक्रमाची वेळ का बदलली म्हणून. मी कधी लिहिलं नाही. मी काही भरतच नाही तर कोणत्या तोंडाने लिहू असं वाटत असेल का मनात?

माझं मत विचाराल तर सह्याद्रीसारखं चॅनेल टिकलं पाहिजे, आणि ते जाहिरातदाराच्या किंवा मंत्रालयाच्या मर्जीवर टिकू नये, आपल्या पैशावर टिकावं. पण ते पैसे घ्यायचे कसे? परत लायसन्स? वेगळा कर? परदेशात राहणाऱ्यांनी पण सांगा तिकडे काय करतात.

मास्तर_जिंतूर

चांगला विषय काढलात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो, वस्तीशाळा म्हणा, पोरं ऊसतोड मजुरांची, काही पारध्यांची. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला २०२० मध्ये मिळालेलं आहे ते सांगतो.

लॉकडाऊनमध्ये शाळा बंद, वरून ऑर्डर ऑनलाइन शिकवा. माझ्या वर्गात तेव्हा २६ पोरं आणि स्मार्टफोन असलेली घरं चार, त्यात दोन फोन बापाच्या खिशात दिवसभर शेतावर. झूमवर शिकवायचं कोणाला? मग जुलैमध्ये सह्याद्रीवर टिलीमिली सुरू झालं, एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने बनवलेलं, पहिली ते आठवी, प्रत्येक इयत्तेची वेळ ठरलेली. आमच्या वस्तीवर निम्म्या पत्र्यांवर दूरदर्शनच्या फ्री डिशची छत्री आहे, एकदा दीड-दोन हजार घातले की नंतर महिन्याचं काही नाही. मी काय केलं, इयत्तेचं टाइमटेबल खडूने देवळाच्या भिंतीवर लिहिलं आणि ज्या घरी टीव्ही त्या घराच्या ओट्यावर पोरं बसवली, अंतर ठेवून, तोंडाला रुमाल बांधून. तिसरीतली एक पोरगी, तिच्या घरी टीव्ही नव्हता, ती रोज वेळेच्या आधी येऊन दुसऱ्याच्या ओट्यावर बसायची, हातात पाटी. टीव्हीत सांगितलं की घरातली भांडी मोजा तर ती त्या घरातली भांडी मोजायची. घरमालकीण हसायची पण मोजू द्यायची.

हे कोणतं प्रायव्हेट चॅनेल करणार होतं सांगा? दुपारच्या वेळी जाहिरात नसलेला दुसरीचा वर्ग? त्यांना दोष देत नाही, त्यांचा धंदा आहे.

आता पैशाचं. लायसन्स परत आणू नका हात जोडून सांगतो. तुमच्या आजोबांची पगारी नोकरी असेल, त्यांना ५० परवडले. आज ५०० ठेवले तर माझ्या वस्तीवरचा माणूस भरणार नाही, आणि नाही भरले म्हणून त्याचा टीव्ही बंद करणार का? ज्याला सगळ्यात जास्त गरज त्याच्यापासूनच तोडायचं?

फ्री डिशचं मात्र लोकांना माहीत नाही म्हणून लिहितो. आम्हाला ते फुकट आहे पण त्यावर यायला प्रायव्हेट चॅनेलवाले पैसे मोजतात, स्लॉटचा ई-लिलाव होतो, दरवर्षी शेकडो कोटी प्रसार भारतीला त्यातून मिळतात. म्हणजे माझ्या वस्तीवरच्या माणसाने टीव्हीसमोर बसणं हेच दूरदर्शनचं उत्पन्न आहे. आम्ही फुकटे नाही.

रेडिंगवाली

मास्तर, ओट्यावरच्या त्या मुलीचं वाचून थांबले थोडा वेळ.

मी इंग्लंडमध्ये १४ वर्षं आहे, इथलं सांगते. इथे पेठेतल्यांच्या आजोबांचं पुस्तक अजून चालू आहे असं समजा. टीव्ही लायसन्स घराला एक, एप्रिल २०२५ ला ते वर्षाला १७४.५० पाउंड झालं, आपल्या पैशात २० हजारांच्या घरात जाईल. आमचं महिन्याच्या महिन्याला खात्यातून कापून जातं. कोणतंही चॅनेल लाइव्ह बघायचं असलं तरी लागतं, नुसतं बीबीसी नाही, आणि बीबीसीचं आयप्लेअर बघायला पण लागतं. फक्त नेटफ्लिक्स बघत असाल तर नाही. आणि तिथेच गोम आहे, कारण ऑफिसमधली पंचविशीतली मुलं म्हणतात आम्ही लाइव्ह बघतच नाही, आणि ते कायदेशीर आहे, त्यामुळे दरवर्षी भरणारी घरं कमी होत चालली आहेत.

न भरता बघितलं तर तो गुन्हा आहे, कोर्टात केस होते. त्यात बायकांचं प्रमाण खूप जास्त, कारण दुपारी इन्स्पेक्टर दार वाजवतो तेव्हा घरात बाई असते. मला ही गोष्ट कधीच पटली नाही. आणि आमच्या शेजारच्या आजी, ऐंशी पार, त्यांना पूर्वी फुकट होतं, २०२० पासून ७५ च्या वरच्यांपैकी फक्त अगदी कमी पेन्शनवाल्यांना फुकट राहिलं. त्या भरतात. म्हणतात घरात आवाज करणारं तेवढंच आहे.

पण याची चांगली बाजू मी रोज बघते. जाहिरात नाही. मुलांचं चॅनेल लावून मी स्वयंपाकाला जाऊ शकते, मधेच कोणी त्यांना चॉकलेट विकायला येत नाही. आणि पंतप्रधान कोणत्याही पक्षाचा असो, सकाळी रेडिओवर त्याच्या मंत्र्याला जे प्रश्न विचारतात ते ऐकून पहिल्या वर्षी मला घाबरायला व्हायचं, की हा माणूस उद्या नोकरीवर असेल ना? असतो.

तरी सरकारचा हात पूर्णपणे निघालेला नाही हे पण सांगते. फी किती हे सरकारच ठरवतं, २०२२ पासून दोन वर्षं १५९ वर गोठवली होती आणि बाहेर महागाई दहा टक्क्यांच्या वर गेलेली. बीबीसी ज्या सनदेवर चालते ते चार्टर २०२७ च्या शेवटी संपतंय, पुढे फी राहणार की आणखी काही यावर आत्ताच भांडणं चालू आहेत.

एक आपल्याशी जोडलेली गोष्ट. बीबीसी मराठी २०१७ ला सुरू झालं ना, ते बीबीसीची इतर देशांसाठीची वर्ल्ड सर्व्हिस वाढवायला ब्रिटिश सरकारने वेगळे पैसे दिले त्यातून. वर्ल्ड सर्व्हिसचा बाकीचा मोठा भाग लायसन्स फीतून जातो. म्हणजे माझे बाबा सोलापुरात जी मराठी बातमी मोबाइलवर वाचतात तिच्यात शेजारच्या आजींचे काही पेन्स असतील. मी आजींना सांगितलं हे, त्यांनी विचारलं, वडिलांना आवडतं का? म्हटलं हो, भांडत भांडत वाचतात.

स्पष्ट_बोलू

मला राग येऊ देऊ नका पण दुसरी बाजू मांडतो. मी का भरायचं? दूरदर्शन आमच्या घरात कोणी बघत नाही. बातम्या सरकारच्या, जो पक्ष वर असेल त्याच्या, हे काँग्रेसच्या काळात पण होतं आणि आज पण आहे, आणीबाणीत तर विचारू नका. यूट्यूबवर शेतीचे, शिक्षणाचे, इतिहासाचे हजार मराठी चॅनेल आहेत, लोक फुकट बनवतात. तीन हजार कोटीत किती शाळांची छपरं होतील? ज्याला पाहिजे त्याने वर्गणी भरून बघावं. नाटकाचं तिकीट नाटक बघणारा काढतो, तसं.

मास्तरांबद्दल आदर आहे. पण टिलीमिली तर बाहेरच्या संस्थेने बनवलं ना, दूरदर्शनने नाही.

मास्तर_जिंतूर

स्पष्ट_बोलू, बनवलं बाहेरच्यांनी, मान्य. पण पोचवलं कोणी? त्या पोरीपर्यंत यूट्यूब पोचत नव्हतं, डेटा मारायला पैसे नव्हते. रस्ता कोणाचा होता ते बघा.

बीटाकॅम

मी एडिटर आहे, २२ वर्षं झाली, प्रायव्हेटमध्ये पण केलंय आणि सरकारी चॅनेलला पण. आतलं थोडं सांगते कारण सगळे पैसे किती यावर बोलतायत, जातात कुठे यावर कोणी बोलत नाहीये.

जे अनुदान येतं त्याचा फार मोठा वाटा पगारांवर जातो. ते चुकीचं नाही, माणसं आहेत, त्यांनी आयुष्य दिलंय, माझ्या ओळखीचे कॅमेरामन आहेत तिथले जे प्रकाश बघून एक्स्पोजर सांगतात, मीटर काढत नाहीत. पण मग ट्रान्समीटर, सॅटेलाइट, वीज, एसी हे सगळं भागवून प्रत्यक्ष कार्यक्रमासाठी हातात काय उरतं तर फार थोडं. २०१४ ला सॅम पित्रोदांच्या कमिटीने प्रसार भारतीवर जो रिपोर्ट दिला त्यात पण हेच दुखणं होतं, की कार्यक्रमावर खर्च वाढवा. त्याच्या आधी शुनू सेन, नारायण मूर्ती, किरण कर्णिक यांची कमिटी २००० ला होती, त्याच्या आधी सेनगुप्ता कमिटी १९९६ ला. कमिट्या चांगल्या माणसांच्या होत्या. मध्ये २०२३ ला २५३९ कोटींची योजना मंजूर झाली पण ती यंत्रसामग्री, ट्रान्समीटर, डिजिटल करणं यासाठी मुख्यतः, लागतंच ते. मात्र नवीन कॅमेऱ्यासमोर उभं कोण राहणार, त्याला मानधन किती, त्या संशोधकाला गावी जायला एसटीचे पैसे कोण देणार, हा प्रश्न तसाच राहतो.

एक अनुभव सांगते. कुठलं केंद्र ते लिहीत नाही. एका मैत्रिणीने कोकणातल्या दशावतारावर १३ भागांची मालिका केली. पद्धत अशी की आधी निर्मात्याने स्वतःचे पैसे घालायचे, भाग दाखवला गेला की मग बिल लावायचं. तिने घरातलं सोनं ठेवलं. मी कमी पैशात एडिट केलं, रात्री करायचो आम्ही कारण रात्री स्टुडिओ स्वस्त मिळतो. एक म्हातारे कलाकार होते, तोंडाला रंग लावताना एकटेच काहीतरी पुटपुटत होते, कॅमेरा चालू आहे हे त्यांना माहीत नव्हतं, बारा मिनिटांचा सलग शॉट, आरशात बघत बघत संकासुराचा चेहरा तयार होताना. मी त्यातली चार मिनिटं ठेवली, एकही कट न मारता. प्रायव्हेटमध्ये मला कोणी चार मिनिटं एक शॉट ठेवू दिला नसता, जाहिरातीच्या ब्रेकचं गणितच बसत नाही. दूरदर्शनवर तो गेला. आणि त्याचं बिल पास व्हायला १४ महिने लागले. तोपर्यंत मैत्रीण लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगला लागली होती, अजून तेच करते.

आणि टेप्सचं तर काय बोलू. जुने लोक सांगतात टेप महाग म्हणून त्याच टेपवर पुन्हा रेकॉर्ड करायचे. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, त्या पहिल्या वर्षांत मराठीतलं कोण कोण त्या स्टुडिओत येऊन बसलं असेल! स्मिता पाटील तिथे बातम्या वाचायची. त्यातलं किती राहिलं? पैसे कमी असण्याचा अर्थ हा असतो, नुसता आज कार्यक्रम होत नाही एवढाच नाही, कालचा पण पुसला जातो.

स्पष्ट_बोलू दादा, यूट्यूबवर हजार चॅनेल आहेत खरं, मी त्यांच्यापण फाइली कापते. तिथे तीस सेकंदात माणूस थांबला नाही तर व्हिडिओ मेला. तो दशावतारी रंग लावत बसला असता आणि कोणी बघितला नसता. फुकट काहीच नसतं, तिथे पैसे जाहिरातदारच देतो.

म्युनिक_ते_मिरज

इथे जर्मनीची पद्धत सांगतो, मला ती सगळ्यात जवळची वाटते पेठेतल्यांच्या प्रश्नाला.

मी मास्टर्स करायला आलो तेव्हा चौघंजण एका फ्लॅटमध्ये राहायचो. घरचा पत्ता रजिस्टर केल्यावर काही आठवड्यांत पत्र आलं, ब्रॉडकास्टिंगचे पैसे भरा. आमच्याकडे टीव्ही नव्हता, खुर्च्या पण तीनच होत्या. मी घाबरून सीनियरला फोन केला, तो म्हणाला भरायचेच असतात, टीव्ही असो नसो, फक्त फ्लॅटला एकच, चौघांत वाटून घ्या. २०१३ पासून तसं झालंय, आधी उपकरणावर होतं, मग ते सोडलं आणि घरावर लावलं. आत्ता महिन्याला १८.३६ युरो, तीन महिन्यांचे एकदम ५५.०८. बेकारभत्ता घेणारे, स्टायपेंडवरचे इथले विद्यार्थी यांना माफ होतं, अर्ज करावा लागतो.

पण मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच. किती पैसे लागतात हे मंत्री नाही ठरवत. १६ तज्ज्ञांचं एक मंडळ आहे, राज्यांनी एकेक नेमलेला, ते चॅनेलवाल्यांचा हिशोब तपासतं, इथे जास्त मागितलंय, इथे कापा, असं करून आकडा सांगतं. मग सगळ्या राज्यांनी मान्यता द्यायची. २०२० ला झाक्सन-आनहाल्ट नावाच्या एका राज्याने अडवलं, त्यांना ८६ सेंट वाढवून द्यायचे नव्हते. प्रकरण घटनात्मक कोर्टात गेलं आणि २०२१ ला कोर्टाने सांगितलं, वाढ लागू करा, पुरेसा पैसा मिळणं हा प्रसारणाच्या स्वातंत्र्याचाच भाग आहे. ८६ सेंटसाठी! मी तेव्हा ऑफिसच्या कँटीनमध्ये ती बातमी वाचली आणि माझ्या जर्मन सहकाऱ्याला विचारलं एवढं काय त्यात, तो म्हणाला हिटलरच्या काळात रेडिओ सरकारकडे होता, आम्ही ते परत करणार नाही. पुढे बोलला नाही, जेवत बसला.

अर्थात इथे पण कुरकुर आहे, पुढची वाढ राज्यांनी परत अडवली आणि २०२४ च्या शेवटी प्रकरण परत कोर्टात गेलं.

बाकी देशांचं थोडक्यात, शोधून ठेवलं होतं कधीतरी. फ्रान्समध्ये १३८ युरो होते वर्षाला, २०२२ ला बंद केले आणि त्याजागी त्यांच्या व्हॅटमधला एक हिस्सा देतात. फिनलंड, स्वीडनमध्ये उत्पन्नावर छोटा टक्का, वर कमाल मर्यादा, कमी कमाईवाल्याला नाही. स्वित्झर्लंडमध्ये फी रद्द करायची का यावर २०१८ ला लोकांचं मतदान झालं, ७० टक्क्यांच्या वर लोक म्हणाले नको, राहू दे. का, तर त्यांच्याकडे छोट्या भाषा आहेत, इटालियन, रोमान्श, त्यांना बाजार कधीच पोसणार नाही हे लोकांना दिसलं. हे वाचताना मला आपली कोकणी आठवली, अहिराणी आठवली. गोंडीला कोणता जाहिरातदार येणार?

एडिसनकर

अमेरिकेतून दोनच ओळी. स्पष्ट_बोलू म्हणतात तशी वर्गणी इथे आहे, पब्लिक टीव्हीवर मधून मधून कार्यक्रम थांबवून देणगी मागतात, मी भरतो वर्षाला ६० डॉलर. पण ती वर्गणी न्यूयॉर्क, बॉस्टनच्या स्टेशनला भरपूर येते. खेड्यातली छोटी स्टेशनं सरकारी पैशावरच उभी होती आणि जुलै २०२५ ला इथल्या संसदेने, म्हणजे अमेरिकन काँग्रेसने, पुढच्या दोन वर्षांचे १.१ अब्ज डॉलर काढून घेतले, हे पैसे स्टेशनांना वाटणारं, १९६७ च्या कायद्याने झालेलं कॉर्पोरेशनच गुंडाळायला लागलं. एका मतदानात. वर्गणी चांगली आहे पण ती जिथे पैसे आहेत तिथेच जमते.

स्पष्ट_बोलू

बीटाकॅम ताईंचं वाचलं. त्या शॉटची लिंक असेल तर द्या, माझी आई मालवणची आहे.

मुद्द्यावर माझं अजून तेच आहे की पैसे देऊन वर सरकारचीच बातमी ऐकायची असेल तर मी देणार नाही. जर्मनीसारखं मंडळ असेल तर विचार करीन. आधी मंडळ, मग पैसे.

पेठेतला

सगळ्यांना धन्यवाद, एवढं लिहाल असं वाटलं नव्हतं. आईला सगळं मोठ्याने वाचून दाखवलं.

स्पष्ट_बोलू, तुमचं शेवटचं वाक्य मला पटलं. आणि ते आपल्याकडे नवीन नाहीये. १९९५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आठवतो का, हीरो कपच्या मॅचच्या प्रक्षेपणावरून झालेला? न्यायमूर्ती पी. बी. सावंत, आपले मराठी, नंतर पुण्यातच असायचे. त्यांनी स्पष्ट सांगितलं की एअरवेव्हज, म्हणजे प्रक्षेपणाच्या लहरी, ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिच्यावर ना सरकारची मक्तेदारी ना खासगी कंपन्यांची, आणि तिचं नियमन स्वायत्त मंडळाने करावं. तीस वर्षं झाली त्याला. मग मी असं म्हणतो, मालमत्ता आपली तर तिचं भाडं आपल्या चॅनेलला यायला नको का? क्रिकेटमध्ये हे आपण करतोच, २००७ चा कायदा आहे, राष्ट्रीय महत्त्वाच्या मॅचचं सिग्नल प्रसार भारतीला द्यायचं आणि टीव्हीच्या जाहिरातीचे २५ टक्के प्रसार भारतीला, ७५ हक्कवाल्याला. तेच तत्त्व पुढे न्यायचं.

मास्तरांमुळे लायसन्सचा विचार मी सोडला. फ्रान्सचं वाचून असं सुचलं की केबल आणि डिशच्या रिचार्जवर आपण १८ टक्के जीएसटी भरतोच. ३०० रुपयांच्या पॅकवर ५४. त्यातले महिन्याला फक्त ५ रुपये, नवीन कर न लावता, कायद्याने बांधून टाकायचे. समजा १० कोटी घरं धरली तर वर्षाला ६०० कोटी होतात. अट अशी की हे सगळेच्या सगळे कार्यक्रमांवर, पगार आणि ट्रान्समीटर अनुदानातून जसे चाललेत तसे चालू दे. आणि वाटप मंत्रालयाने नाही, जर्मनीसारख्या मंडळाने, पाच वर्षांचं एकदम, म्हणजे दर बजेटला हात पसरायला नको. भाषेप्रमाणे हिस्सा ठरलेला. बिल ३० दिवसांत पास नाही झालं तर व्याज. (बीटाकॅम, ही अट तुमच्या मैत्रिणीसाठी.)

कलम १७ मधली ती रिकामी जागा अशी भरता येईल असं मला वाटतं. चुकत असेन तर सांगा.

बीटाकॅम

व्याजाचं लिहिलंत, तिला पाठवला तुमचा मेसेज.

एकच सांगते, ६०० कोटी सगळे मुंबई-दिल्लीच्या मोठ्या प्रॉडक्शन हाउसना जाऊ देऊ नका. नागपूर, पणजी, छत्रपती संभाजीनगर, तिथल्या पोरांना जाऊ दे. कॅमेरा आता स्वस्त झालाय, माणूस तिथलाच पाहिजे.

लिंक शोधते. मास्टर हार्ड डिस्कवर आहे घरी, चालते का बघावी लागेल.

मास्तर_जिंतूर

पेठेतले सर, हिशोब बरोबर आहे पण एक बघा. आमच्या वस्तीवर फ्री डिश, म्हणजे रिचार्जच नाही, म्हणजे त्या ५ रुपयांत आमचा वाटा शून्य. भरणार शहरातला माणूस आणि बघणार आमचा. स्पष्ट_बोलूंना हे टोचेल.

मला विचाराल तर तुमच्या आजोबांच्या खोलीत जे व्हायचं तेच आहे हे. लायसन्स एकाचं आणि बघायला सगळा वाडा.

ती तिसरीतली पोरगी आता आठवीला आहे, जिंतूरला हॉस्टेलवर राहते. परवा भेटली तेव्हा विचारलं तुला टिलीमिली आठवतं का. म्हणाली सर, त्या काकूंच्या घरात चौदा भांडी होती.